भांड्यावरचे नाव

कामरेजच्या आमच्या घरात स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर एक पितळी डबा आणि एक तांब्याचा हंडा आहे. डब्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी आईचे नाव आहे, त्याखाली तिच्या मामाचे नाव, मग ‘यांजकडून सप्रेम भेट’, गाव धुळे आणि सन १९५८. हंड्याच्या काठावर पणजीचे नाव आहे. खानदेशातून पोटासाठी सुरतेकडे आलेल्या कुटुंबांच्या घरांत अशी भांडी अजून निघतात. घेणाऱ्याचे नाव, देणाऱ्याचे नाव, निमित्त, तारीख, क्वचित पत्तासुद्धा. एखाद्या घराण्याचा इतिहास लिहायचा तर आधी त्यांचे भांड्यांचे फडताळ उघडावे, असे मला नेहमी वाटत आले आहे. पण ज्याने तो पत्रा तापवला, ठोकला, वाकवला, त्याचे नाव मात्र यांतल्या एकाही भांड्यावर नाही. माझे आजोबा तांबट होते. आमच्या फळीवरचा हंडा त्यांच्या हातचा की बाजारातून आणलेला, हे घरात आज कोणालाही सांगता येत नाही. वडील हयात असताना अंगठा फिरवून पाहायचे, मठारकामाच्या ठोक्यांची ओळ बघायचे आणि ‘असेल बाबांचा’ एवढेच म्हणायचे.

ही गोष्ट मनात घर करून होती म्हणूनच कदाचित भुजला गेल्यावर माझे लक्ष चांदीच्या नकशीपेक्षा भांड्यांच्या बुडाकडे आधी गेले. सुरतेहून रात्री कच्छ एक्स्प्रेसमध्ये बसले की सकाळी भुज येते. तिथले कच्छ म्युझियम १८७७ सालचे, गुजरातेतले सर्वांत जुने. कच्छी चांदीकामाची पहिली ओळख मला तिथे झाली आणि मग त्या कामावरचे ग्रंथ व लिलावगृहांच्या चित्रसूची मिळतील तशा मी चाळत गेले. त्यात दोन अक्षरे पुन्हा पुन्हा भेटत राहिली: ओ. एम. कधी नुसती, तर कधी खाली ‘भुज’ असे गाव जोडलेली. ही अक्षरे उमरशी मावजी या कारागिराची आहेत. साधारण १८६० ते १८९० या तीस वर्षांत भुजमध्ये त्याने काम केले, आणि एकोणिसाव्या शतकातल्या हिंदुस्थानी चांदीकामाचा कोणीही जाणकार आज पहिल्या दोन-चार नावांत त्याचे नाव घेतो. कच्छच्या दरबाराचा तो कारागीर. त्याच्या आयुष्याबद्दल याहून फारसे हाती लागत नाही. जे आहे ते कामात आहे, आणि त्या ठशात.

ठशाची गोष्ट साधी वाटते, पण थोडे थांबून पाहण्यासारखी आहे. इंग्लंडात चांदीच्या वस्तूवर छाप मारण्याचा कायदा शतकानुशतके होता. कस तपासायचा, कारागिराची खूण, गावाची खूण आणि सालाचे अक्षर उमटवायचे, असा तिथला रिवाज. ब्रिटिश अमलातल्या हिंदुस्थानात असे सक्तीचे बंधन नव्हते. म्हणजे उमरशीने आपली अक्षरे चांदीत ठोकली ती कोणाच्या हुकमाने नव्हे. शिवाय ती रोमन लिपीत ठोकली. भुजच्या बाजारात त्याची ओळख पटवायला अक्षरे लागत नव्हती. अमुक गल्ली, अमुक पेढी, अमक्याचा मुलगा एवढे पुरत होते. ठसा होता तो दूरच्या गिऱ्हाइकासाठी, जो गल्ली ओळखत नव्हता आणि गुजराती अक्षरे वाचू शकत नव्हता. ज्या कारागिरांना आपण नाव नसलेले म्हणतो त्यांतल्या एकाने नाव लावले, पण ते विकत घेणाऱ्याच्या लिपीत. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या, घरी एक आणि दुकानाच्या पाटीवर दुसरी लिपी लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना यातले व्यवहारज्ञान समजावून सांगायला नको.

त्या काळचे भुजही पाहिले पाहिजे. महाराव प्रागमलजी दुसरे १८६० मध्ये गादीवर आले. त्यांनी १८६५ मध्ये बांधायला घेतलेला प्राग महाल १८७९ मध्ये पुरा झाला. त्याचा आराखडा कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या इंग्रज अभियंत्याचा, कमानी आणि घड्याळाचा मनोरा युरोपीय धाटणीचे. दरबाराची नजर कोणत्या दिशेला वळली होती ते त्या मनोऱ्यावरून कळते. भुजेत इंग्रज अधिकारी राहत, येत-जात. त्यांना घरी न्यायला काहीतरी हिंदुस्थानी हवे होते, पण वापराच्या दृष्टीने ते विलायती असायला हवे होते. चहाची किटली, दुधाचे भांडे, बिअरचा पेला, भेटीच्या कार्डांची डबी. पुढे प्रदर्शनांचे युग आले. १८८६ च्या लंडनच्या वसाहती व हिंदुस्थानी प्रदर्शनापर्यंत हिंदुस्थानी चांदीला विलायतेत मोठा बाजार तयार झाला होता. उमरशीची वाटचाल या लाटेवर झाली. रणाच्या कडेला, पाऊस चुकला की माणसे घर सोडून मुंबईचा रस्ता धरतात अशा मुलखात बसून त्याने आपले काम समुद्रापार पोहोचवले. कच्छी माणसाला हे नवे नव्हते म्हणा. मांडवीचे खलाशी आफ्रिकेपर्यंत जातच होते.

आता कामाबद्दल. चांदीचा पातळ पत्रा आतून ठोकून उठाव आणायचा, मग भांडे राळेने भरून घट्ट करायचे आणि बाहेरून लहान लहान छिन्न्यांनी पानन् पान रेखायचे, मधली जमीन खाली दाबायची, शेवटी राळ वितळवून काढायची. ही रीत एकट्या कच्छची नाही. कच्छचे वेगळेपण आहे ते वेलीत. गोल गोल वळणारी पाने, वळणाच्या मध्यभागी फूल, एक वळण संपायच्या आत दुसरे सुरू. उमरशीच्या हातच्या भांड्यावर ही वेल इतकी दाट असते की पहिल्यांदा नुसता पोत दिसतो, कापडाच्या विणीसारखा. जवळ जावे तर पानांच्या आड हरीण आहे. त्याच्या मागे वाघ आहे. पक्षी, हत्ती. किटलीला कधी नागाची मूठ असते, फणा झाकणाशी. पाहणाऱ्याला आधी फसवायचे आणि मग बक्षीस द्यायचे, हा त्याचा डाव आहे, आणि तो लहान वस्तूंत फार सुंदर साधतो. तळहातावर मावणाऱ्या कार्डाच्या डबीवर डोळा कुठेही ठेवा, तो घसरत घसरत एका प्राण्यापाशी येतो. हात भांड्यावर फिरवण्याची इच्छा होते. भांड्याकडून याहून अधिक काय मागावे?

मोठ्या वस्तूंत मात्र मला त्याचा हात थकलेला वाटतो. म्हणजे कसब तेच राहते, एक पानही ढिले नाही, पण सबंध चहाच्या संचावर, काठापासून बुडापर्यंत, एक बोटभरही मोकळी जागा न सोडता वेल चढली की प्रत्येक पान शेजारच्या पानाचा आवाज दाबते. भांड्याचा घाट दिसेनासा होतो. किटलीचे पोट कुठे फुगते, मान कुठे बारीक होते, हे नकशीखाली लपते. माझ्या तांबट आजोबांच्या व्यवसायात घाट हीच कला होती. मठारलेल्या हंड्यावर नकशी नसते. हातोडीचे ठोके एकाशेजारी एक पडतात, उजेड त्यांवर मोडतो आणि घाट उलट उठून दिसतो. दोन परंपरांची ही तुलना अन्यायाची आहे हे मान्य, तरीही ती मनात आल्याशिवाय राहत नाही. जागा न सोडण्याचा हट्ट कारागिराचा होता की गिऱ्हाइकाचा? जितकी नकशी जास्त तितका माल पौर्वात्य, अशी विलायती गिऱ्हाइकाची समजूत होती. तिने उमरशीला मोठे केले आणि काही प्रमाणात बांधूनही ठेवले, असे माझे मत आहे.

एक मोह मात्र टाळायला हवा. वाळवंटातला माणूस, त्याला हिरवाईची ओढ, म्हणून चांदीवर एवढी पाने, असे लिहिले की वाक्य छान वाटते. ते मला पटत नाही. त्याच कच्छमधल्या रबारी बायकांसाठी सोनी घडवीत ते चांदीचे दागिने पाहा. जाड, वजनदार, ठाशीव घाटाचे. हिरवाईची ओढ त्यांनाही असणारच! वेल आली ती बाजारातून, कापडावरच्या छापांतून, पाहिलेल्या नमुन्यांतून आणि गिऱ्हाइकांच्या मागणीतून.

ती नेमकी कुठून आली यावर एक जुना वाद आहे, आणि त्या वादाला सीमाभागाशी जोडणारा एक धागा आहे. हिंदुस्थानी हस्तव्यवसायांवर १८८० मध्ये मोठा ग्रंथ लिहिणारे जॉर्ज बर्डवुड यांचा जन्म १८३२ चा, बेळगावचा. कच्छच्या उठावाच्या चांदीकामाचे मूळ डच आहे, ही समजूत त्यांच्या लेखनामुळे पक्की झाली. समजुतीला आधार होता तो एका विलक्षण माणसाच्या कथेचा. रामसिंह मालम हा ओखामंडळचा खलाशी. अठराव्या शतकात त्याचे जहाज आफ्रिकेच्या बाजूला फुटले, डच जहाजाने त्याला वाचवले आणि हॉलंडला नेले. तिथे तो अठरा वर्षे राहिला असे सांगतात. घड्याळे, काच, मीनाकारी, टाइल, तोफांचे ओतकाम, सगळे शिकून परत आला. काठियावाडात त्याच्या विद्येला कोणी विचारले नाही. शेवटी कच्छच्या लखपतजींनी त्याला आश्रय दिला. लखपतजींनी १७४१ मध्ये बापाला बाजूला सारून सत्ता घेतली आणि १७६० पर्यंत कारभार केला. याच राजाने भुजेत व्रजभाषेची काव्यशाळा काढली, हे साहित्याच्या वाचकांनी लक्षात ठेवावे. रामसिंहाने त्याच्यासाठी आयना महाल बांधला. आरसे, संगमरवर, पाण्याची कारंजी, जमिनीला डच पद्धतीच्या टाइल. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात त्याची मोठी पडझड झाली. उरलेला भाग पाहतानाही राजाची हौस आणि कारागिराचे डोके दोन्ही कळतात.

रामसिंहाची जीवनकथा एखाद्या कादंबरीला पुरेल. पण तिच्या भरवशावर कच्छच्या सगळ्या सोन्या-लोहारांचे कसब एका जहाजफुटीतून जन्मले असे मानायला मी तयार नाही. घड्याळ, काच, मीनाकारी यांत त्याचा हात असेल. चांदी ठोकणे तर सोनी पिढ्यान्‌पिढ्या करीतच होते. आणि डच वेल पाहायला हॉलंडला जाण्याची गरजही नव्हती. आमच्या सुरतेत सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून डचांची वखार होती. १६९१ मध्ये वारलेल्या वान रीड या डच अधिकाऱ्याची घुमटाची कबर आजही सुरतेत उभी आहे, आणि ती पाहायला जाणाऱ्या कामरेजकराला सुरतेतच हॉलंड भेटते. जहाजांतून नमुने येत होते, कापड जात होते, पेट्या उघडत होत्या. कारागीर डोळे मिटून बसलेला नव्हता. पण अशा शंभर डोळ्यांची गोष्ट सांगता येत नाही, एका रामसिंहाची सांगता येते. म्हणून तीच राहिली.

उमरशीच्या बाबतीतही पुढे हेच झाले. त्याच्या ठशाने त्याला वाचवले, पण भुजच्या इतर सोन्यांचे काय? त्याच गल्ल्यांत तितकेच चांगले काम करणारे हात असणार. त्यांनी ठसा मारला नाही. आज बिनठशाचे उत्तम भांडे समोर आले की जाणकार म्हणतात, हे ओ. एम.च्या धाटणीचे. नाव लावणाऱ्याच्या खात्यात न लावणाऱ्यांचे कामही जमा होत जाते. यात उमरशीचा दोष नाही. किंबहुना ‘ओ. एम.’ म्हणजे तरी एकटा उमरशी का? तीस वर्षे, इतकी भांडी, इतकी पाने. आत उठाव काढणारा, राळ भरणारा, जमीन दाबणारा, घासून उजळणारा, असे हात पेढीवर असल्याशिवाय एवढे काम होत नाही. त्या हातांची मिळून ही दोन अक्षरे झाली.

आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर धुळ्याजवळच्या गोंदूरचे राम सुतार. सुताराच्या घरात १९२५ मध्ये जन्मलेला हा मुलगा जे. जे. कलाशाळेत शिकला, वेरूळच्या मूर्तींच्या डागडुजीवर राबला आणि शेवटी नर्मदाकाठच्या १८२ मीटर उंचीच्या सरदार पटेलांच्या पुतळ्यापर्यंत पोहोचला. २०१८ मध्ये तो पुतळा उभा राहिला तेव्हा सुरतेतल्या खानदेशी वस्त्यांत आपला माणूस म्हणून छाती फुगली, माझीही फुगली. पुतळ्याच्या अंगावरचे ब्राँझचे पत्रे मात्र चीनमधल्या ओतशाळेत ओतले गेले. त्या ओताऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आपण ती विचारलीही नाहीत.

भुजहून चाळीसेक किलोमीटरवर निरोणा नावाचे गाव आहे. तिथले मुसलमान लुहार गुराढोरांच्या गळ्यातल्या घंटा करतात. त्यांचे पूर्वज सिंधमधून आले असे ते सांगतात. लोखंडी पत्र्याचे तुकडे कापून, वाकवून, कडा एकमेकींत अडकवून ते घंटेचे अंग तयार करतात. जोड झाळलेला नसतो. मग मातीचा लेप, त्यावर तांब्या-पितळेची भुकटी आणि टाकणखार, वरून मातीत भिजवलेले कापड गुंडाळायचे आणि भट्टीत घालायचे. लेप देण्याचे काम पुष्कळदा घरातल्या बायका करतात. भट्टीतून काढून कवच फोडले की लोखंडावर तांबे पसरलेले असते. शेवटी लाकडाची जीभ बांधतात आणि मग खरे काम सुरू होते. कारागीर घंटा कानाशी धरतो, काठावर हातोडीचा हलका ठोका देतो, पुन्हा वाजवतो, पुन्हा ठोका देतो. एक मापाची घंटा दुसऱ्या त्याच मापाच्या घंटेसारखी वाजेपर्यंत हे चालते. मोजायला यंत्र नाही. बन्नीच्या माळावर अंधारात आपले जनावर कुठे चरते आहे हे मालधारी त्या आवाजावरून ओळखतो.

उमरशीची भांडी आणि ही घंटा यांत शंभर-सव्वाशे वर्षांचे आणि सामाजिक पायऱ्यांचे अंतर आहे. तरी मी त्या शेजारी शेजारी ठेवते, कारण निरोण्याच्या लुहाराची वाटचालही आता त्याच वळणावर आली आहे. पशुपालकांची मागणी घटली, २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये संस्था आणि प्रवासी आले, २००५ पासून रणोत्सव सुरू झाला, आणि घंटा गळ्यातून निघून दारावर, दिवाणखान्यात, वाऱ्यावर वाजणाऱ्या माळांत गेली. नव्या गिऱ्हाइकाला जनावर ओळखायचे नाही. त्याला गोड आवाज हवा, आणि घरी जाऊन सांगायला गोष्ट हवी. गोष्टीसाठी नाव लागते. मी तिथे बसले असताना समोरच्या कारागिराने एका घंटेवर सातआठ वेळा ठोका दिला, आणि बाहेरून आलेल्या आम्हा चौघांपैकी कोणालाही पहिल्या आणि शेवटच्या आवाजातला फरक ऐकू आला नाही. त्याला आला, म्हणून त्याने हातोडी ठेवली. तो फरक गाईच्या धन्यासाठी होता. आता तो धनी नाही, तरी कान अजून तसाच आहे. गिऱ्हाईक न मागता कारागीर जे करीत राहतो, तेच मला उमरशीच्या कार्डाच्या डबीत दिसते आणि त्याच्या मोठ्या चहाच्या संचात दिसत नाही.

पुढच्या पिढीतला मुलगा या पाटावर बसेल की नाही, हा प्रश्न मी तिथे विचारला नाही. आमच्या घरात त्याचे उत्तर १९६० च्या सुमारास मिळाले होते, वडिलांनी हातोडी ठेवून सुरतेची वाट धरली तेव्हा. यंत्रमागावर पगार महिन्याच्या महिन्याला मिळत होता.

परवा भाचीच्या लग्नात द्यायला तांब्याचा कळस घ्यायला मी कामरेज चार रस्त्यावरच्या दुकानात गेले. मराठीत मी त्याला कळशी म्हटले, दुकानदाराने गुजरातीत ‘कळशियो’ म्हटले, आणि दोघांचे भागले. नाव घालायला दारातच एक मुलगा विजेची सुई घेऊन बसतो. त्याने कागद पुढे केला, नाव लिहून द्या म्हणाला. मी भाचीचे लिहिले, माझे लिहिले, तारीख लिहिली. मग विचारले, हा कुठे बनला? त्याने कळस उलटा केला, बुडावरचा कंपनीचा कागदी शिक्का नखाने खरवडून पाहिला आणि दुकानदाराला हाक मारली. दुकानदार म्हणाला, मुंबईहून आला असेल, नाही तर मुरादाबादहून. मुलाने सुई सुरू केली. काठाजवळ जागा थोडी होती, आणि आमची नावे मोठी होती, म्हणून त्याने अक्षरे बारीक काढली.